साखळीतले हात

गुरुवारी दुपारी आमच्या ख्रिस्ती मंडळीतल्या बायकांची प्रार्थना असायची. दर आठवड्याला निराळ्या घरी. जळगावात आमची घरं विखुरलेली. दोन रेल्वे लाइनच्या पलीकडे, एक दवाखान्याच्या चाळीत, आमचं एसटीच्या वर्कशॉपच्या मागे. उन्हात चालताना रस्ता पाण्यासारखा हलायचा. डोक्यावर पदर घेऊन मी मुलीला कडेवर घ्यायचे, थोडी मोठी झाल्यावर बोटाला धरायचे. चालता चालता डोळे मिटायला लागायचे, आणि पोचल्यावर सतरंजीवर बसून ते खरंच मिटायचेच असायचे. त्यामुळे गुरुवारची दुपार मला नेहमी अर्धी झोपेतली वाटत आली आहे. पंख्याचा आवाज, उन्हानं तापलेल्या पत्र्याचा वास, बायकांच्या हातातल्या काचेच्या बांगड्या, आणि कुणाच्या तरी स्वयंपाकघरातून येणारा उकळत्या चहाचा वास. डोळे मिटले की हे सगळं एकाच पाण्यात विरघळून जायचं.

शेवटी साखळी प्रार्थना असायची. आम्ही गोल बसून एकमेकींचे हात धरायचो. पाळकबाई, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंच्या, पाळकसाहेबांच्या, पत्नी, सुरुवात करायच्या. त्यांचं झालं की त्या शेजारणीचा हात हळूच दाबायच्या, म्हणजे आता तुझी पाळी. तिचं झालं की ती पुढचीचा दाबायची. जिला मोठ्यानं प्रार्थना करायची नसेल, तिनं आलेला दाब तसाच पुढे द्यायचा. कुणी विचारायचं नाही, कुणी डोळे उघडून बघायचं नाही. हा नियम कुणी घातला मला ठाऊक नाही. माझ्यासारखी एखादी बाई बघूनच घातला असणार.

मी कधी मोठ्यानं प्रार्थना केली नाही. लग्न होऊन आले तेव्हा नाही, मुलगी झाली तेव्हाही नाही. माझं माहेर दोंडाईच्याकडचं. चौथीपर्यंत शाळा झाली, मग धाकट्या भावंडांसाठी घरी राहिले. घरात अहिराणी. मंडळीत मात्र सगळ्या बायका शास्त्रातल्या, म्हणजे बायबलातल्या, मराठीत प्रार्थना करत. हे परमकृपाळू, सर्वसमर्थ बापा. शब्द मला वाचता येत होते, समजतही होते. पण तोंडात घेतले की दुसरीचं लुगडं नेसल्यासारखं व्हायचं, चालताना सारखं पायात अडकणार. एरवी, चुलीपाशी किंवा नळावर, माझं देवाशी बोलणं चालूच असायचं, ते अहिराणीत. देव अहिराणी बोलतो असं मी म्हणणार नाही. ऐकतो, एवढं मला माहीत होतं.

पण ती नळावरची भाषा पाळकबाईंच्या शेजारी बसून कशी बोलणार? माझ्याकडे दाब आला की मी तो लगेच पुढे देऊन टाकायचे.

पुढे म्हणजे मुलीच्या हातात. ती माझ्या आणि शेजारणीच्या मधे बसायची. एवढासा हात, त्याला नेहमी काहीतरी चिकटलेलं, गूळ नाहीतर माती. मी तो दाबायचे, ती पुढचीचा दाबायची, आणि पुढची बाई बोलायला लागायची. मुलीला वाटायचं हे काम फार मोठं आहे. ती डोळे इतके घट्ट मिटायची की नाक आखडून जायचं.

घरी प्रार्थना तिचे वडील करायचे. ते एसटीत कंडक्टर. आवाज खणखणीत, आणि प्रार्थना अशी की गाडी प्रत्येक थांब्यावर उभी राहणार. आधी त्यांचे आईवडील, मग भाऊ, मग माझ्या माहेरचे, मग मंडळी, मग ड्रायव्हर लोक, मग देशाचं सरकार. पोळ्या गार व्हायच्या. मुलगी एका डोळ्यानं भाजीकडे बघत बसायची. एकदा आमेन झाल्यावर ती म्हणाली, "पप्पा, तुम्ही पारोळ्याच्या आत्याला विसरलात." ते म्हणाले, "ती पुढच्या गाडीनं."

पण त्यांची ड्युटी असायची. महिन्यातले बरेच दिवस आम्ही दोघीच जेवायला बसायचो. तेव्हा मी डोळे मिटायचे, मुलीचा हात धरायचे, माझं मनातलं म्हणायचे, आणि झालं की तिचा हात दाबायचे. तो दाब आला की ती घास घ्यायची. माझी प्रार्थना लहान होती, त्यामुळे तिला ती आवडायची. "आईची गाडी फास्ट आहे," असं ती वडिलांना सांगायची.

शेजारी अक्का राहायच्या. त्या मूळच्या रावेरकडच्या, त्यांच्या सासऱ्यांची तिकडे केळीची बाग. त्यांची मुलगी आणि माझी मुलगी एका वर्गात. अक्कांच्या घरी सण झाला की त्या देवाला नैवेद्य दाखवायच्या आधी आमच्यासाठी एक ताट काढून ठेवायच्या. आम्ही देवापुढे ठेवलेलं खात नाही हे त्यांनी कधीतरी एकदा विचारून घेतलं, आणि पुन्हा कधी विचारलं नाही. खापरावरची पुरणपोळी, वर तुपाची धार. झाकून आणायच्या आणि दारातूनच सांगायच्या, "घ्या, देवाच्या आधी तुम्हालाच वाढलं. आता तुमच्या देवाला सांगा आमच्याकडेही लक्ष ठेवायला." नाताळात मी करंज्या दिल्या की त्यातली पहिली त्या आपल्या देवापुढे ठेवायच्या. मला ते माहीत होतं. मी कुणाला सांगितलं नाही.

अशा घरांच्या मधे माझी मुलगी वाढत होती, आणि ते मला गोड वाटायचं, भीतीही वाटायची. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, अक्कांच्या अंगणातल्या निंबाला झोका बांधायचे. माहेरी आलेल्या पोरी गाणी म्हणत झोके घ्यायच्या. माझी मुलगी त्यांच्यात. मी ओट्यावर बसून बघायचे. झोका वर गेला की ती पानांमधे दिसेनाशी व्हायची, आणि खाली आला की परत माझी व्हायची. दुपारच्या झळांमधे ती गाणी मला खूप लांबून, माझ्या लहानपणाच्या गावाहून आल्यासारखी वाटायची. एकदा पाळकबाई रस्त्यानं जात होत्या. त्या थांबल्या आणि मंडळीतल्या रीतीनं नमस्कार केला.

"सलाम," त्या म्हणाल्या.

"सलाम, बाई."

"गाणी कुठल्या देवाची आहेत?"

मी म्हटलं, "झोक्याची आहेत."

त्या हसल्या. मग हळूच म्हणाल्या, "मुलं पाण्यासारखी असतात. उतार दिसेल तिकडे जातात. घरात भक्कम काही पाहिजे." त्या वाईट बोलल्या नव्हत्या. पण ते माझ्या मनात राहून गेलं. घरात भक्कम काय होतं? तिच्या वडिलांचा आवाज होता, पण तो एसटीच्या वेळापत्रकावर. बाकीच्या वेळी मी होते, आणि मी तोंड मिटून बसलेली.

पुढे टीव्ही आले. रविवारी सकाळी अक्कांच्या घरी सगळी गल्ली जमायची, दारात चपलांचा ढीग. चर्चमधली आमची उपासना त्याच वेळेला. नवे कपडे घालून, शास्त्र छातीशी धरून आम्ही तिघं त्या चपलांच्या ढिगाजवळून जायचो, आणि मुलगी मान मागे वळवून चालायची. तिला कुणी अडवलं नव्हतं, ती यायची. पण देवळात बाकावर बसून ती खिडकीबाहेर बघायची. मी तिच्याकडे बघायचे. उन्हाचा पट्टा फरशीवरून सरकत वेदीच्या पायरीपर्यंत जायचा, उपदेश संपायचा, आणि उपदेशात काय होतं हे आम्हा दोघींनाही सांगता आलं नसतं.

ती शाळेत वक्तृत्वाची बक्षिसं आणायची. माझ्या पोटी असं बोलणारं लेकरू कसं आलं याचं सगळ्यांना नवल. अक्का एकदा म्हणाल्या, "तुमची बोलते ते बोलतेच, वर जादूही करते. परीक्षेला जाताना माझ्या पोरीचा हात दाबते. माझी म्हणते, त्याशिवाय पेपर बरा जात नाही." आम्ही दोघी हसलो. मुलींचा काहीतरी खेळ असेल असं मला वाटलं, आणि मी विसरून गेले.

बारावीची परीक्षा झाली. तिला शिक्षिका व्हायचं होतं, त्यासाठी धुळ्याला जायचं, वसतिगृहात राहायचं. त्याआधी बाप्तिस्मा व्हावा अशी तिच्या वडिलांची फार इच्छा. आमच्या मंडळीत लहानपणी बाप्तिस्मा देत नाहीत. मुलं कळती झाली की पाळकसाहेब त्यांचा वर्ग घेतात, मग एक दिवस मंडळीसमोर उभं राहून आपल्या तोंडानं साक्ष द्यायची, प्रभू आपल्याला कसा भेटला ते सांगायचं, आणि पाण्यात उतरायचं. तिनं वर्ग पूर्ण केला. सगळी वचनं तिला पाठ होती. आणि साक्षीच्या आधी आठ दिवस तिनं जेवता जेवता सांगितलं की ती उतरणार नाही.

तिचे वडील म्हणाले, "का?"

"पप्पा, सगळ्यांची साक्ष सारखीच असते. मी आधी वाईट होतो, मग प्रभू भेटला, आता मी चांगला आहे. मी वाईट कधी होते?"

"परवा दूध उतू घालवलंस."

"ते सांगू मंडळीसमोर?"

ते हसले. मग त्यांच्या लक्षात आलं की ती थट्टा करत नाही, आणि त्यांनी ताट बाजूला केलं. त्यांनी तिला रागावलं नाही. त्यानंतर ते तिच्याशी फक्त कामापुरतं बोलायला लागले. घरातला तो खणखणीत आवाज बसून गेला. प्रार्थनेतले थांबेसुद्धा कमी झाले.

मला झोप येईना. ती पाण्यात उतरणार नाही याचं मला तितकं वाईट वाटत नव्हतं. ती घराबाहेर चालली होती, परक्या पोरींमधे, आणि जाताना तिच्या हातात मी काही दिलंय की नाही हेच मला कळत नव्हतं. वडिलांचं ती नाकारत होती. माझं नाकारायला काही नव्हतंच.

बाप्तिस्म्याचा दिवस ठरला होता, तो काही एका मुलीसाठी थांबत नाही. उन्हाळ्यात नदीला पाणी नसायचं. अक्कांच्या सासऱ्यांच्या बागेत मोठा हौद होता, विहिरीचं पाणी आधी त्यात पडायचं आणि तिथून केळीला जायचं. अक्कांनीच शब्द टाकला, आणि ते हो म्हणाले. केळी पोचवून रिकामा परत चाललेला ट्रक आम्हाला घेऊन निघाला. खाली वाळलेली केळीची पानं पसरलेली, त्यावर पांढऱ्या कपड्यातली सगळी मंडळी बसलेली. वारा गरम होता. बायका गीत म्हणत होत्या, आणि ते ट्रकच्या आवाजात मिसळून मागे रस्त्यावर सांडत होतं. माझी मुलगी टोकाला बसली होती, निळ्या ड्रेसमधे. पांढऱ्या कपड्यांत ती एकटीच निळी.

केळीच्या बागेत शिरलं की उन्हाळा बाहेर राहतो. आत हिरवा अंधार, ओल्या मातीचा वास, पानांच्या फाटक्या कडा हलत असतात आणि त्यांच्या सावल्या अंगावरून फिरतात. आम्ही सगळेच हळू बोलायला लागलो. हौदात पाणी काठोकाठ होतं. बागेचे मालक, अक्कांचे सासरे, डोक्याला उपरणं गुंडाळून उभे होते.

"पाळकसाहेब, पानी पायजे तितलं घ्या," ते म्हणाले. "फक्त साबन नका लावू. केळीले चालत नाही."

पाळकसाहेब म्हणाले, "साबणाचं काम नाही, आबा. हे आतून धुवायचं असतं."

"मंग मलेबी उतरवा."

आबांच्या पत्नी मागून म्हणाल्या, "तुमाले धुवाले येवढा हौद पुरनार नाही." सगळी मंडळी हसली, पाळकसाहेबही हसले, आणि मग गीत सुरू झालं.

मी गर्दीतून मागे आले. मुलगी हौदापासून लांब, पाटाच्या काठावर पाय पाण्यात सोडून बसली होती. मी तिच्याजवळ बसले, मीही पाय सोडले. पाणी गार होतं. वरून एकेक पान हलत होतं. हौदाकडून एकेकाची साक्ष ऐकू येत होती, शब्द कळत नव्हते, नुसता सूर.

"तू रागावलीस?" तिनं विचारलं.

"नाही."

"पप्पा रागावलेत."

"रागावले असते तर ओरडले असते. त्यांना दुखलंय."

ती पायानं पाणी हलवत राहिली. मग म्हणाली, "मी खोटं कसं बोलू, आई? पप्पांना प्रभू भेटतो, ते त्याच्याशी बोलतात. पाळकबाईंना भेटतो. मी डोळे मिटून बोलायला लागले की ते मला माझ्या भाषणासारखंच वाटतं. कुणीतरी नंबर देणार आहे असं. मला खरी म्हणून फक्त तुझी प्रार्थना येते. आणि ती काय तिथं उभी राहून सांगायची?"

"माझी कुठली?"

"हात दाबायची."

मला समजलं नाही. ती माझ्याकडे बघून हसली. "अगं, तू गुरुवारी करायचीस ती. जेवताना करायचीस ती. बाकीच्या बायका तोंडानं करायच्या, तू हातानं. लहानपणापासून मी तेवढीच करते. परीक्षेला करते. आजी गेली तेव्हा तिचा हात धरून केली. पोटात कसं शांत होतं."

हौदाकडे कुणीतरी पाण्यात उतरलं. काठावरून पाणी बाहेर आलं, आणि थोड्या वेळानं आमच्या पायाशी पाटातलं पाणी चढलं. मी त्या पाण्याकडे बघत राहिले. तिला काय वाटत होतं ते आता मला कळलं होतं, आणि ते खरं नव्हतं. गप्प बसले असते तर चाललं असतं. आयुष्यभर मी गप्पच बसले होते. पण खोटं बोलायला नको म्हणून जी हौदात उतरली नव्हती, तिच्याशी मी गप्प राहून खोटं कसं बोलणार?

मी म्हटलं, "ती प्रार्थना नव्हती, बेटा."

"म्हणजे?"

"हात दाबला म्हणजे, मला येत नाही, तू पुढं कर. इतकंच. साखळीतली रीतच आहे ती."

तिनं पाय पाण्यातून वर घेतले. ओले पाय छातीशी घेऊन बसली. मग म्हणाली, "म्हणजे तू काहीच म्हणत नव्हतीस? जेवतानासुद्धा?"

जेवताना म्हणत होते. रोज म्हणत होते. ते शब्द माझ्या ओठांशी आले होते. पण हौदापाशी गीत मोठं झालं, तिचे वडील ओला टॉवेल हातात घेऊन आम्हाला बोलवायला लागले, आणि मी उठले. मी उठले आणि पदर सारखा केला. ती माझ्या मागून आली. ट्रकमधे येताना ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली, निदान डोळे मिटून होती.

त्या दिवसानंतर आम्ही दोघी जेवायला बसलो की मी हात पुढे करायचे, आणि ती सरळ भाकरीचा तुकडा मोडायची. उर्मटपणानं नाही. "आई, वाढ ना," असं नेहमीसारखं म्हणून. माझा हात सतरंजीवर उघडा राहायचा, मग मी तो पाण्याच्या तांब्याकडे न्यायचे, जणू तेवढ्यासाठीच पुढे केला होता. अक्कांची मुलगी निकालाच्या सकाळी आली आणि म्हणाली, "हात दाब ना गं." माझी म्हणाली, "त्यात काही नसतं. तो आमच्याकडे पाळी टाळायचा प्रकार आहे." मी आत कणीक मळत होते. हात परातीत तसेच थांबले.

तिच्याजवळ जे एक होतं, ते मी खरं बोलून काढून घेतलं होतं. त्या जागी ठेवायला माझ्याजवळ चारदोन शब्द होते, आणि ते मला बोलता येत नव्हते. कणीक मळताना मी ते हळूच म्हणून बघायचे. नळाच्या आवाजात म्हणून बघायचे. ती खोलीत आली की ते चिमण्यांसारखे उडून जायचे. ते फारच साधे होते. त्यात देवाला लावायचा एकही मोठा शब्द नव्हता. इतकी वर्षं आई डोळे मिटून एवढंच म्हणत होती, हे कळल्यावर तिला हसू आलं तर?

धुळ्याला जायचा दिवस आला. तिच्या वडिलांची दुसऱ्या मार्गावर ड्युटी होती. त्यांनी सकाळी येऊन आमच्यासाठी खिडकीची जागा धरली, ट्रंक वर चढवली, आणि ओळखीच्या कंडक्टरला सांगितलं, "लेक आहे माझी. सांभाळून ने." मग तिच्या डोक्यावर हात ठेवून उभे राहिले. मला वाटलं आता प्रार्थना करतील, सगळे थांबे घेऊन. पण ते एवढंच म्हणाले, "जेवत जा वेळेवर," आणि उतरता उतरता त्यांनीच घंटीची दोरी ओढली.

एरंडोल गेलं, पारोळं गेलं. दोन्हीकडे काळी शेतं, त्यात कपाशीचं नुकतं उगवलेलं पोपटी. खिडकीतून वारा येत होता, ती झोपली, तिचं डोकं काचेवर आपटायला लागलं तसं मी मधे हात धरला. एवढा वेळ मिळूनही मी बोलले नाही. ती जागी झाली तेव्हा धुळं आलं होतं.

वसतिगृह जुन्या दगडी इमारतीत होतं. आत गेल्याबरोबर मला माझं माहेर ऐकू आलं. साक्रीकडच्या, शिरपूरकडच्या, शिंदखेड्याकडच्या पोरी, सगळ्या अहिराणीत एकमेकींना हाका मारत होत्या. कुणाची बादली हरवली होती, कुणाला खिडकीजवळची खाट पाहिजे होती. माझी मुलगी त्यांच्यात शहरातली म्हणून उठून दिसत होती. ती माझ्या जवळ सरकली. इतकी बोलकी पोर, माझ्या पदराचं टोक धरून उभी राहिली.

पहिल्या दिवशी सोडायला आलेल्यांना जेवण होतं. लांब खोलीत भिंतीला लागून पंगत. घरून आणलेली ताटं पुढे ठेवून पोरी बसल्या, मी मुलीच्या डावीकडे शेवटची. तिच्या उजवीकडे साक्रीची एक पोरगी, मग पुढे ओळीनं सगळ्या, पार दरवाज्यापर्यंत. तिथं चूल होती आणि एक बाई भाकरी थापत होती. धूर उन्हाच्या पट्ट्यातून वर चढत होता. शेवेची भाजी वाढली, भाकर वाढली. गलका चालूच. कुणी थांबलं नाही, कुणी डोळे मिटले नाहीत, मिटण्याचं कारणही नव्हतं. माझ्या मुलीनं भाकरीला हात लावला. भाकर मोडली मात्र नाही.

मी तिचा हात धरला आणि बोलले. पुटपुटले नाही, नळाच्या आडोशानं नाही. माझाच आवाज मला अनोळखी वाटला.

"देवबा," मी म्हटलं, "भाकर शे. पोर शे. बठ्ठं शे."

रोजचं तेवढंच होतं. भाकर आहे, पोर आहे, सगळं आहे. त्या दिवशी पुढे आणखी निघालं. "आते तू देख." आता तू बघ.

मी डोळे उघडले तेव्हा मुलगी माझ्याकडे बघत होती. ती हसली नाही. "हेच?" तिनं विचारलं. "जेवताना, रोज?"

"हेच."

पलीकडून साक्रीची पोरगी वाकून म्हणाली, "मावशी, तुम्ही आमनाकडना शेतस का?"

"दोंडाईचानी शे, बाई," मी म्हटलं. इतक्या वर्षांनी परक्या माणसाशी अहिराणीत.

मुलीनं डोळे मिटले. लहानपणी मिटायची तसे, नाक आखडून. तिच्या ओठांवर काही हललं नाही. ती बराच वेळ तशी बसली, आणि मग माझा हात न सोडता तिनं दुसऱ्या हातानं त्या साक्रीच्या पोरीचा हात दाबला.

ती पोरगी दचकली. "काय व?"

"पुढं दे," माझी मुलगी म्हणाली.

वसतिगृहाची रीत असेल असं त्या बिचारीला वाटलं. नवीनच होती तीही. तिनं शेजारणीचा हात दाबला. तिनं पुढचीचा. गलका कमी होत होत त्या बाजूला सरकला. लांब कुठंतरी एक जण म्हणाली, "काय शे व हाई?" आणि दुसरी म्हणाली, "माले काय माहीत. पुढे दे."

दरवाज्यापाशी शेवटच्या पोरीला पुढे कुणी उरलं नाही. तिनं इकडंतिकडं पाहिलं आणि चुलीपाशी बसलेल्या बाईचा पिठाचा हात धरून दाबला.

"सोड व माय," ती बाई म्हणाली, "भाकर करपी ऱ्हायनी."

सगळ्या हसल्या. माझ्या मुलीनं भाकर मोडली, आणि आम्ही जेवलो.